वहीतली पहिली ओळ

सतरा महिन्यांत नऊ डॉक्टर झाले होते आणि नऊही जण तिच्या वहीत एका ओळीत एक असे शिस्तीत बसले होते. तारीख, कुठल्या अवयवाचा डॉक्टर, काय म्हणाला, पुढे कुणाकडे धाडलं. शेवटचा रकाना सगळ्यात भरगच्च होता. बरं कुणी केलं नव्हतं, पण पुढे मात्र प्रत्येकाने धाडलं होतं.

वही ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका मोठ्या हॉटेलच्या चादरींच्या खोलीत ती अकरा वर्षं मोजणीला होती आणि सगळे तिला मोजणीबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. धुऊन आलेल्या चादरी दहा-दहाच्या गठ्ठ्यांत बांधायच्या, गाठीत चिठ्ठी खोचायची आणि वरच्या मजल्यांवर पाठवायच्या. एकदा चिठ्ठी खोचली की गठ्ठा पुन्हा कुणी सोडायचा नाही. जो तो सोडून मोजत बसला तर पाहुणे उघड्या गाद्यांवर झोपतील. तिच्या आधीच्या बाईच्या वेळी आठ चादरींचा एक गठ्ठा दहाची चिठ्ठी मिरवत चार मजले फिरून आला होता आणि चारही मजल्यांनी त्यावर बरोबर म्हणून सही केली होती. नव्या मुलींना हा किस्सा ती पहिल्याच दिवशी ऐकवी. चिठ्ठी लिहिणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, पुढच्यांचे मिटलेलेच असतात, असं वर सांगायची.

नवरा तिचा काचकामगार. दुकानांच्या दर्शनी काचा, मोठे आरसे, जिन्याच्या कठड्यांची तावदानं उचलून नेऊन बसवायची, हे काम वीस वर्षं केलेलं. मोठी काच एकट्याने उचलत नाहीत. जोडी लागते, जिन्यावर एक वरचा आणि एक खालचा. तो वरचा, आणि गेली सहा वर्षं त्याचा खालचा म्हणजे तिचाच धाकटा भाऊ. मेहुण्या-मेहुण्यांची ही जोडी कारखान्यात नावाजलेली होती. दोघं काच घेऊन चालले की चार पायांचं एकच जनावर चाललंय असं वाटे, असं मालक म्हणत आणि दोघांनाही ती स्तुतीच वाटे.

सतरा महिन्यांपूर्वी एका चपलांच्या दुकानात आरसा चढवताना तो जिन्यावरून पडला. आरशाला ओरखडा नाही. त्याच्या अंगावरही साधं खरचटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठला तो कमरेच्या उजव्या बाजूला हात धरून, आणि तो हात अजून तिथंच होता. बसलं की वीस मिनिटांत दुखणं उठे, म्हणून तो उठे. जेवण फ्रिजला टेकून. "घोडा उभ्याने झोपतो, मी उभ्याने जेवतो, एवढाच काय तो फरक," असं पहिले सहा महिने तो म्हणायचा. नंतर म्हणेनासा झाला. घरात कुणी हसलं की त्यालाही हसावं लागे आणि हसलं की कळ निघे, तेव्हा विनोद परवडत नव्हता.

मालक माणूस म्हणून वाईट नव्हता. जोडीतली जागा त्याने धरून ठेवली होती आणि धाकट्याला तात्पुरता एक उंच पोरगा जोडून दिला होता. पण तात्पुरत्यालाही आता कायम व्हायचे डोहाळे लागले होते. मालकाने निरोप धाडला की वहिनी, महिनाअखेरीपर्यंत कागद आणा. नेमकं काय झालंय आणि तो काच कधी उचलू शकेल, एवढ्या दोन गोष्टी डॉक्टरने लिहून द्यायच्या. त्याशिवाय मला आणखी थांबता येणार नाही.

एवढ्या दोन गोष्टी. नऊ डॉक्टरांनी मिळून त्यातली एकही लिहिली नव्हती.

पहिला गल्लीतलाच. त्याने गोळ्या दिल्या आणि हाडांच्या डॉक्टरकडे धाडलं. हाडांच्या डॉक्टरने कमरेच्या खालच्या भागाचा फोटो काढला, तो खिडकीशी धरला आणि हाडं सुरेख आहेत म्हणाला, जणू सोयरिकीला आला होता. मग नसांचा डॉक्टर. त्याने तळपायाला टाचणी टोचून लागतंय का विचारलं, लागतंय म्हटल्यावर समाधान पावला आणि यंत्रात घालून पुन्हा कमरेखालचंच चित्र काढलं. चित्रात एक चकती किंचित फुगलेली निघाली. घरात त्या दिवशी सण झाल्यासारखं झालं. पण चौथ्याने सांगितलं की या वयात अशी फुगलेली चकती दर दुसऱ्या माणसात सापडते, माझ्यातही असेल. पाचवा मूत्रपिंडाचा होता, तो फक्त कुतूहलापोटी. सहाव्याने व्यायाम दिले, त्यांनी दुखणं वाढलं, तेव्हा तुम्ही मन लावून करत नाही म्हणाला. सातवा मनाचाच निघाला. त्याने विचारलं की कामावर परत जायची भीती वाटते का. नवरा म्हणाला, "कामावर परत न जाण्याची वाटते." डॉक्टरने ते लिहून घेतलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर त्याच्या छापील फॉर्मात बसत नव्हतं असं दिसलं.

आठवा आणि नववा आधीच्यांचे कागद चाळून आधीच्यांसारखंच बोलले.

प्रत्येक ठिकाणी क्रम एकच. डॉक्टर विचारी, कधी झालं, कसं झालं? नवरा तोंड उघडायच्या आत ती वही पुढे सरकवी. पहिल्या पानावर पहिली ओळ, टपोऱ्या अक्षरात: जिन्यावरून घसरून बसक्या स्थितीत पडले, कमरेवर मार. डॉक्टर ती ओळ बघून बघून आपल्या कागदावर उतरवून घेत. दोघांनी तर अक्षराची तारीफही केली होती. तिला ते आवडलं होतं. नाही म्हणण्यात अर्थ नाही.

दहाव्या डॉक्टरची वेळ पाच महिन्यांपूर्वी घेतलेली होती. पाठीचं ज्यांचं कुणालाच कळत नाही असे रोगी या बाई बघतात, असं चादरींच्या खोलीतली एकजण म्हणाली होती. ती तारीख आता आठवड्यावर आली होती. महिनाअखेर त्यानंतर चार दिवसांनी.

त्या रविवारी धाकटा कपाट हलवायला आला. पलंग बाहेरच्या खोलीत आणायचा होता. रात्री उठून येरझाऱ्या घालताना नवऱ्याला दाराच्या चौकटी नकोशा होत. पलंगाच्या वाटेत कपाट, कपाटाला पुरुषभर उंचीचा आरसा. नवरा फ्रिजला टेकून सूचना देत होता आणि मेहुण्याने दोनदा जा म्हणून सांगितल्यावर तोंड फिरवून गच्चीत गेला. दुसऱ्याला उचलताना बघणं त्याला दुखण्यापेक्षा जड जाई.

धाकट्याने खालची बाजू घेतली, तिने वरची. कपाट तिरकं झालं तसा तो सहज म्हणाला, "ताई, निसटायला लागलं तर सरळ सोडून दे हं. दाजींसारखं धरून बसू नकोस."

ती थांबली. कपाट दोघांच्या हातात, मध्येच.

"खाली ठेव," ती म्हणाली.

"अगं, आता दारात तर आलंय."

"ठेव खाली."

कपाट टेकलं. धाकटा आरशात बघत उभा राहिला. तिच्याकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. लहानपणापासून या भावाकडून काही काढून घ्यायचं तर गप्प राहावं लागे, तो शांतता फार वेळ सोसत नसे.

मग त्याने सांगितलं. दाजी पडलेच नव्हते. आरसा जिन्याच्या वळणावर होता, वरच्या टोकाला काचेला चिकटवून धरायची रबरी चकत्यांची मूठ सुटली आणि सगळं वजन खाली यायला लागलं. काचकामात पहिल्या दिवशी शिकवतात ते एकच. काच सुटली तर सोडायची. हात वर, पाय मागे. फुटू दे, दुसरी मिळते. त्याने सोडली, भिंतीला चिकटला. वर बघतो तर आरसा खाली आलाच नव्हता. दाजींनी तो नुसत्या पंजांनी धरला होता, कंबर पिळून, एक पाय वरच्या पायरीवर आणि एक हवेत, जुन्या फडक्यातून पाणी काढतात तसं अंग वळलेलं. किती वेळ? त्याला सांगता येत नव्हतं. त्याने परत येऊन खालची कड पकडेपर्यंत. मग दाजी पायरीवर बसले. नुसते बसले.

"मग पडले कशाला म्हणालात?"

हा प्रश्न काचकामाबाहेरच्या माणसाचा होता, हे धाकट्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. तो हळू आवाजात समजावू लागला. न सोडणारा माणूस जोडीत कुणाला नको असतो. वरच्याने सोडली तर खालचा बाजूला होतो, दोघं वाचतात. वरचा कधी सोडेल, कधी नाही, याचा भरवसा नसला तर खालच्याने कुठं उडी मारायची? त्यांच्याच कारखान्यात पूर्वी एकाने अशी धरली होती, नंतर झेपली नाही म्हणून अर्ध्यावर सोडली, आणि मदतीला परत वर आलेल्या खालच्याच्या मनगटाच्या शिरा कापल्या गेल्या. तेव्हापासून मालकाचा नियम. काच धरणाऱ्याला जोडी नाही. पडणाऱ्याला आहे, पडतं कुणीही. म्हणून दोघांनी तिथंच पायरीवर बसून ठरवलं, पडले म्हणायचं.

"आणि मी ते लिहिलं," ती म्हणाली.

"तू छानच लिहिलंस, ताई. सगळ्यांना पटलं."

तिने त्याला कपाट तिथंच ठेवून घरी पाठवलं.

नवरा गच्चीच्या कठड्याला कोपर टेकून उभा होता. तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला की वीस वर्षांत किमान तीस काचा त्याने सोडल्या असतील, डोळ्याचं पातं न हलवता. त्या दिवशीही सोडणारच होता.

"मग?"

"वरून त्याच्या डोक्यावरचा भोवरा दिसत होता. तो बाजूला झाला हे कळलंच नाही मला. हात मिटले. मी मिटले नाहीत, मिटले."

म्हणजे जो आरशाखाली नव्हताच त्याच्यासाठी याने आरसा धरला होता. तिने मनात हा हिशेब दोनदा केला आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. मग ती म्हणाली की डॉक्टरांना हे सांगायला हवं, नऊ जणांनी पडलेल्या माणसाची कंबर तपासली, पिळलेल्या माणसाची कुणीच नाही. तो म्हणाला की डॉक्टर जे ऐकेल ते लिहील आणि जे लिहील ते मालक वाचेल. कागद मागितलाय तो मालकानेच. डॉक्टरला खरं सांगितलं तर कदाचित पाठ मिळेल, पण जागा जाईल. खोटं सांगितलं तर जागा राहील, फक्त तिच्यावर उभं राहायला पाठ नसेल.

"तुझ्या वहीत आहे ते राहू दे," तो म्हणाला.

आठवडाभर वही तशीच राहिली.

दहाव्या डॉक्टरबाई साठीच्या, जाड चष्म्याच्या. त्यांच्या खोलीत टेबलापेक्षा तपासायचा बाक मोठा होता. सवयीने हिने वही पुढे सरकवली. बाईंनी ती न उघडता बाजूला ठेवली, वर आपला चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, "यांच्या तोंडून ऐकते."

नवरा उभाच होता. बसा म्हणून त्यांनी सांगितलंही नाही, नुसतं बघत राहिल्या. त्याने सांगायला सुरुवात केली. जिन्यावरून घसरलो, बसक्या स्थितीत. वहीतले शब्द जसेच्या तसे, स्वल्पविरामासकट. सतरा महिन्यांत त्याला ते पाठ झाले होते.

"किती पायऱ्या?" बाईंनी विचारलं.

पायऱ्या वहीत नव्हत्या.

"हातात काय होतं तेव्हा?"

त्याने बायकोकडे बघितलं. ते बघणं तिने पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं. सांग, असं होतं की सांगू नकोस? तिला शपथेवर सांगता आलं नसतं. तिला एवढंच कळत होतं की आठ चादरींचा गठ्ठा नऊ मजले चढून आलाय आणि चिठ्ठी तिच्या अक्षरात आहे.

"ते पडले नाहीत," ती म्हणाली. "आरसा धरला होता. सुटत असताना."

नवऱ्याने डोळे मिटले.

बाईंनी त्याला तसाच उभा करून विचारलं, कसा धरला होता, दाखवा. तो दाखवेना. मग हळूहळू त्याने पंजे वर घेतले, अंग डावीकडे वळवलं, एक पाय उचलला, आणि त्या छोट्या खोलीत तिला पहिल्यांदा तो जिना दिसला. बाई पाठीमागे गेल्या. दुखत होतं तिथं, कमरेला, त्यांनी हातच लावला नाही. वीतभर वर, जिथे फासळ्या संपतात, तिथं मणक्याच्या कडेला अंगठा रोवला. तो ओरडला नाही. दोन्ही हातांनी बाक धरून तो म्हणाला, "हेच. हेच ते."

सतरा महिन्यांत कुणाचं बोट तिथं पडलं नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं. दुखावलाय तो सांधा इथं वर आहे आणि त्याची नस दुखणं खाली कमरेला पोचवते. बोभाटा एका दारात, चोरी दुसऱ्या दारात. पडला म्हटल्यावर सगळ्यांनी खालचीच चित्रं काढली, त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आला असता तर बहुधा मोकळा झाला असता. आता सांधा ताठरलाय, नसेला दुखायची सवय लागलीय. सुई देऊन बघू, सहा महिने व्यायाम, वेगळे. निम्मा फरक पडेल. काच उचलता येईल का? येईलही. नाहीही. मी निम्मी शक्यता म्हणते.

निम्मं. नऊ डॉक्टरांनंतर तिला ते डोंगराएवढं वाटलं. मग तिला कागदाची आठवण झाली आणि तिने विचारलं की पत्रात ते आरशाचं वाक्य गाळता येईल का.

"ते गाळलं तर बाकीचं कशावर उभं राहील?" बाई म्हणाल्या. त्यांनी पत्र लिहिलं, आणि अक्षर वाईट होतं, पण ते वाक्य दुर्दैवाने वाचता येत होतं.

मालकाने पत्र कारखान्याच्या दाराशीच उभ्याने वाचलं. नवऱ्याला बसता येत नाही म्हणून तोही बसला नाही, एवढी रीत त्याला होती. त्या वाक्यापाशी त्याचा अंगठा थांबला. त्याने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आत धार लावायचं यंत्र बंद झालं. माणसं काम नसल्यासारखी कामं करू लागली. धाकटा पाण्याच्या नळाशी काच उचलताना हातांत चढवायचे चामडी तळवे धूत होता, आणि ते केव्हाचे स्वच्छ झाले होते.

"सोडायला मीच शिकवलं होतं तुला," मालक म्हणाला.

"हो."

"आरसा माझा होता. एक गेला असता. तुला वाटलं मी ओरडलो असतो?"

तिला वाटलं तो आता भोवऱ्याचं सांगेल. सांगितलं असतं तर कदाचित इथल्या चार माणसांना काही वाटलं असतं. पण ज्याच्या डोक्यावर तो भोवरा होता तो दहा पावलांवर उभा होता, आणि आपल्या जिवासाठी कुणी उगाच आपली पाठ मोडली हे ओझं त्याच्यावर सगळ्यांदेखत टाकणं नवऱ्याला जमण्यातलं नव्हतं. तिचंही तोंड उघडलं नाही. बोलायचा तिचा वाटा तिने डॉक्टरबाईंकडे संपवला होता.

मालकाने मग न्यायाने बोलल्यासारखं बोलून दाखवलं. कागदात निम्मं म्हटलंय. सहा महिने मी आणखी थांबेन, नियमही एकदा बाजूला ठेवेन. फक्त एक गोष्ट मला हुकमाने करता येत नाही. याच्या खाली उभं राहायला कुणीतरी स्वतःहून तयार पाहिजे. त्याने आत एकेकाकडे बघितलं. उंच पोरग्याने आपल्या बुटांकडे बघितलं. बाकीच्यांनी धाकट्याकडे.

धाकट्याने नळ बंद केला. हात पुसत पुसत तो पुढे आला आणि बहिणीपासून हातभर अंतरावर थांबला.

"दाजी," तो म्हणाला, "मला लहान पोर आहे."

त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता, हेच वाईट होतं. तो काचकामगार म्हणून बरोबर बोलला होता. नवऱ्याने मान हलवली, लगेच, मोकळेपणी, जणू मेहुण्याने वेळ विचारली होती आणि याने सांगितली होती. खिशातून आपले चामडी तळवे काढले, सतरा महिने दर रविवारी तेल लावून मऊ ठेवलेले, आणि त्याच्या हातात दिले. "तुझे उसवलेत," एवढंच म्हणाला.

मालकाने मागाहून मोजमापं उतरवून घ्यायचं, टेबलावरचं काम सुचवलं. ते बसून करायचं होतं.

घरी जायचा रस्ता चपलांच्या त्या दुकानावरून होता. दुसरा रस्ताही होता, पण लांबचा, आणि त्याला लांब चालवत नव्हतं. खालच्या मजल्यावर जागा केल्यावर दुकानवाल्यांनी तोच आरसा उतरवून दाराशी आणला होता. तो थांबला म्हणून तीही थांबली. आरशात दोघं दिसत होती. तो उजवीकडे कललेला, ती वहीची पिशवी छातीशी धरून. त्याने जवळ जाऊन आरशाची कड अंगठ्याने तपासली, वरपासून हात पोचेल तिथपर्यंत.

"नीट बसवलाय," तो म्हणाला. काचेवर कुणाची तरी बोटं उमटली होती, ती त्याने बाहीने पुसली.

आत बसलेल्या मुलीला ती गिऱ्हाइकं वाटली. तिने हसून मऊ गाद्यांच्या बाकांकडे हात केला, या, बसा.

त्याने आत वाकून बघितलं, बाकं चांगली आहेत अशी मान हलवली, आणि ती दोघं पुढे निघाली.